चौथं गिऱ्हाईक

नामदेव घोडके यांच्या दुकानात खुर्ची नव्हती. गिऱ्हाईक मोठं असो की लहान, बसायचं तर एकावर एक रचलेल्या जुन्या टायरांवर. हर्सूलच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, त्यात गाडीखाली उतरायचा एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात अनवाणी उभा असलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला साठीचा माणूस. गाडी एका बाजूला ओढत असली, टायर एकाच कडेनं झिजत असलं, की शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्याकडे यायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणायचे. झाल्या प्रकारानंतर मी ठरवलं होतं की नाव घ्यायची वेळ आली तर घोडके म्हणायचं. पण ते तोंडात बसत नाही. लिहितानाही मामाच येतंय.

मी फुलंब्रीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. क्रांती चौकाच्या मागं राहते, आणि रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. पहिली गाडी घेतली ती जुनीच, आणि वर्षाच्या आत तिनं पुढची दोन्ही टायरं खाल्ली. दोन दुकानदारांनी नवी टायरं घ्यायला सांगितली. तिसरे मामा. त्यांनी टायर बघितलंसुद्धा नाही. आधी मला विचारलं, "बाई, हात मळाले तर चालंल का?"

चालेल म्हटलं. त्यांनी माझा तळवा टायरवर ठेवायला लावला. "आता बाहीरनं आत फिरवा. सावकाश. मंग आतनं बाहीर."

एकीकडून हात सुळकन गेला. उलट्या बाजूनं आणला तर रबराची प्रत्येक कड करवतीसारखी लागली.

"लागली का? चाक सरळ चालत नाय, तिरपं घासत चाललंय. नवं टायर घातलं असतं तर त्येबी दोन महिन्यांत असंच झालं असतं. दुकानदाराला काय, त्यो अजून दोन इकंल."

मग त्यांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, पट्टीनं अंतर मोजलं, खड्ड्यात उतरून दोन नट फिरवले. कोपऱ्यात कॉम्प्युटरची मशीन होती. ती कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "मशीन लोकायसाठी. दोरी माझ्यासाठी."

आवळलेल्या प्रत्येक नटावर ते पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचे. मधे कुणी नट हलवला तर ठिपका तुटतो आणि लगेच कळतं. आणि काम संपलं तरी 'झालं' म्हणायचे नाहीत. गाडी स्वतः घेऊन हर्सूलच्या जेलच्या भिंतीलगतच्या सरळ रस्त्यावर जायचे, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवायचे आणि मोठ्यानं वीस मोजायचे. वीस होईपर्यंत गाडी भिंतीकडे किंवा दुभाजकाकडे सरकली तर पुन्हा खड्ड्यावर. पहिल्या वेळी मी शेजारी बसले होते. बारा-तेराच्या सुमाराला माझे पाय आपोआप ताठ झाले. ते म्हणाले, "भिऊ नका. बिघाड असला तर मी आधी सांगतो."

मला हे वाक्य पुढं फार वर्षं पुरलं.

त्या एका सकाळपासून मी त्यांची झाले, असंच म्हणावं लागेल. दर दोन-तीन महिन्यांनी जायचे. त्यांनी मला टायर वाचायला शिकवलं. मधोमध झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजलं तर हवा कमी, एकाच कडेनं झिजलं तर चाकाची ठेवण बिघडलेली, आणि जागोजागी खळगे पडले तर धक्के झेलणारे शॉकअप गेलेले. मी मास्तरीण, मला शिकवणारा माणूस लगेच ओळखू येतो. ते सांगत नसत, हात ठेवायला लावत. चुकलं तर पुन्हा ठेवायला लावत. एकदा माझ्याआधी आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं, "ह्या बाईला इचार तुझ्या टायरला काय झालंय," आणि मी हात फिरवून बरोबर सांगितलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी हसत होते.

बोलणं मोजकं. घरचं फारसं काढत नसत. बायको वारलेली, एकच मुलगी, सुनीता. ती सिल्लोडला दिलेली. तिचं नाव निघालं की मात्र हातातलं काम थांबायचं. "नववीत असताना मोठ्या जीपचं चाक एकटीनं काढलं होतं तिनं," हे मी त्यांच्याकडून चार वेळा तरी ऐकलं असेल.

त्यांच्या खरेपणाचा एक प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे. जुन्या गाड्या विकणारा एक एजंट फुलंब्रीकडच्या एका तरुण शेतकऱ्याला घेऊन आला होता. सौदा ठरल्यातच जमा होता, फक्त अलाइनमेंट करून गाडी ताब्यात द्यायची. मामा खड्ड्यात उतरले, आणि पाचच मिनिटांत वर आले. पंच्यानं हात पुसत त्या तरुणाला म्हणाले, "ही गाडी पाण्यात बुडालेली हाय. आत चिखल हाय अजून. घेऊ नको."

एजंट म्हणाला, "मामा, तुम्हाला चाकं बघायला सांगितलीत. बाकीचं कशाला बघता?"

"चाकं गाडीलाच असत्यात ना?"

एजंटानं दम दिला, शहरातला एकही धंदेवाला तुमच्याकडे गाडी पाठवणार नाही म्हणाला. मामांनी खड्ड्यात उतरून पुढच्या गाडीचं काम सुरू केलं. तो तरुण जाताना त्यांच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी पाय मागं घेतले. नंतर एजंट लोक खरंच यायचे बंद झाले. मामांना त्याचं काही वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

म्हणून, तीन वर्षांपूर्वी माझी जुनी गाडी पार थकली आणि दुसरी बघायची वेळ आली, तेव्हा मी कुठल्या शोरूमला गेले नाही, कुणा नातेवाइकाला विचारलं नाही. मामांकडे गेले आणि टायरवर बसून म्हटलं, "मला एखादी चांगली गाडी बघून द्या."

ते हातातला पाना उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "एक हाय. वळखीच्या माणसाची. बघून ठिवतो."

आठ दिवसांनी गाडी शेडमध्ये उभी होती. पांढरी, धुतलेली, रंग स्वच्छ. मला ती जेलच्या रस्त्यावर नेऊन त्यांनी हात सोडून दाखवले. वीसपर्यंत गाडी रेषेत गेली. मी विचारलं, "काही बिघाड?"

"मी बघितलीय ना," ते म्हणाले.

मी पुढं काही विचारलं नाही. कागदावरचं नाव अनोळखी होतं, गाव सिल्लोड होतं. सिल्लोड वाचूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. माणसावर विश्वास असला की वाचलेलंसुद्धा दिसत नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष मला तेव्हा फार सुखाचं वाटलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामांचा फोन यायचा. "बाई, गाडी आणा. एकदा बघून घिऊ." आधी मी आपणहून जायचे, आता ते बोलवायचे. मी गेले की चारही चाकं खोलायचे, पुढची मागं आणि मागची पुढं करायचे, दोरी लावायचे, नट आवळायचे. पैसे घ्यायला कुरकुरायचे. मी हात फिरवायला टायरपाशी वाकले की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, साडी मळंल. मी हाय ना." मी वाकायचंच सोडून दिलं. दिवाळीला फराळाचा डबा दिला, तर तो घेताना त्यांचे डोळे भरून आले. मुलगी लांब, म्हणून जीव लावतायत, असं मला वाटलं. स्टाफरूममध्ये मी सांगायचे की माझ्या गाडीची टायरं वर्षभरात नखभरही झिजली नाहीत, असा कारागीर अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही.

शमीम हसून म्हणायची, "बाई, तुमच्या मामांचं पुराण पुरे करा, मुलं वाट बघतायत." शमीम माझ्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. रोज सकाळी ती माझ्याच गाडीनं यायची, माझ्या शेजारच्या सीटवर.

मग पावसाळ्यानंतर मामांना डेंग्यू झाला आणि दुखणं लांबलं. दुकान बंद पडलं. एक रविवार गेला, दुसऱ्या महिन्याचाही गेला. एके दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"बाई, गाडी चालवता का?"

"रोज चालवते की. तुम्ही कसे आहात?"

"मी उठंपर्यंत काढू नका गाडी. दारात उभी करून ठिवा."

"अहो, शाळेला कशी जाऊ मग?"

"ऐका बाई. नका काढू."

पुढं खोकला आला आणि फोन बंद झाला. मी शमीमला सांगितलं, मामा तापातसुद्धा माझ्या गाडीची काळजी करतात. दोघींनाही गलबलून आलं होतं. गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी काढलीच.

तिसऱ्या दिवशी, सावंगीच्या पुढं, सकाळी नऊच्या उन्हात, पुढचं डावं टायर फुटलं. गाडी डावीकडे खेचली गेली. मी घाबरून उजवीकडे जास्तच वळवलं. गाडी रस्ता ओलांडून उजव्या बाजूच्या पाण्याच्या चारीत उजव्या अंगानं आदळली. समोरून त्या क्षणी काही येत नव्हतं, एवढंच. मला खरचटलं. शमीमनं सावरायला उजवा हात पुढं टेकवला होता. तो खांद्यातून निखळला आणि दंडाचं हाड मोडलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणत राहिली, "बाई, हात कुठंय बघा ना, मला हात लागत नाही."

दवाखान्याचं सगळं झाल्यावर, आठवड्यानं मी ओढून आणलेली गाडी जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात बघायला गेले. फुटलेलं टायर त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. बाहेरून ते नव्यासारखं होतं. मी वाकले, आणि दीड वर्षानंतर पहिल्यांदा टायरच्या आतल्या कडेवर हात ठेवला. तिथं रबर नव्हतंच. तारा बोटांना टोचल्या.

तिथला मिस्त्री तिशीतला होता, नीट समजावून सांगणारा. त्यानं टेप लावून डाव्या बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं, मग उजव्या बाजूचं. "डावीकडं सव्वा इंच कमी भरतंय, मॅडम. म्हणजे पुढचं डावं चाक मागं सरकलेलं आहे."

"परवाच्या अपघातानं?"

"तुमची गाडी उजव्या अंगानं आदळलीय. हे जुनं आहे. पूर्वी कधीतरी डावीकडून जबर बसलेली आहे. सांगाडा वाकला, तो ओढून जोडलाय, वरून रंग दिलाय. हा जोड बघा, गंज चढलाय. अशी गाडी टायर आतून खाणारच. कितीही अलाइनमेंट करा."

"पण ती सरळ चालायची. हात सोडले तरी."

तो थोडा थांबला. "मग बसवणारा लई मोठा कारागीर असणार. वाकडी गाडी सरळ चालवणं सोपं नसतं."

आत, जोडापाशी, दोन मोठे नट होते. गाडीच्या पांढऱ्या रंगाचा थर त्यांच्यावरही बसलेला. मी त्याला नख लावून खरवडायला सांगितलं. त्यानं किल्लीच्या टोकानं खरवडलं. पांढऱ्याखाली पिवळा ठिपका होता.

म्हणजे रंग नंतरचा, आणि ठिपका आधीचा. गाडी माझ्याकडे येण्याच्याही आधी ती त्यांच्या खड्ड्यावर उभी होती.

मी तशीच रिक्षानं हर्सूलला गेले. मामा आजारातून नुकतेच उठलेले, शेडच्या दारात उन्हाला बसले होते. अंगावरचं निम्मं मांस गेलेलं. मला बघून उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "शमीमबाईचं कळलं मला."

"गाडी कुणाची होती?"

"जावयाची."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. धडकल्यावर माझ्याकडंच आणली. जितकी सरळ व्हत होती तितकी केली. पुरी सरळ व्हणार नव्हती, ते तवाच कळलं मला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. जावयानं गाडी ठोकली आणि सुनीताला बापाकडे आणून सोडलं. तुझा बाप गाड्यावाला आहे, गाडी विकून दे, मगच परत ये, असं म्हणाला. सुनीता सात महिने इथं शेडच्या मागच्या खोलीत होती. तिला मी एकदा पाणी आणून देतानाही पाहिलं होतं. माहेरपणाला आली असेल, असं वाटलं होतं.

"तीन गिऱ्हाईकं आली गाडी बघायला," मामा म्हणाले. "तिघांनाबी मीच सांगितलं, घेऊ नका म्हणून. खोटं बोलायला जीभच रेटंना. तिसऱ्याच्या टायमाला पोरगी आत ऐकत व्हती. दोन दिस जेवली नाय ती. बोललीबी नाय. आन् मंग तुम्ही आल्या."

"मग चौथ्या गिऱ्हाइकाला का नाही सांगितलं? माझ्याच बाबतीत जीभ कशी रेटली?"

ते खाली बघत होते. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"तुम्ही दुसरीकडं दाखवणार नव्हत्या," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला त्यांनी सांगितलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच असावं. मी उभीच होते. टायर मी बसायला घेतलं नाही.

"मला वाटलं, दर महिन्याला मी बघीन. टायर झिजायच्या आत फिरवीन. मी हाय तवर तुम्हाला काय व्हणार नाय."

"तुम्ही टायर माझ्यापासून लपवत होतात. मला बघायला शिकवून मग वाकू देत नव्हतात."

"व्हय."

"शमीमला दोन लहान मुलं आहेत, मामा."

मला ओरडावं असं वाटत होतं. पण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस समोर नाहीच, कुणीतरी दुसराच उभा आहे, असं काहीतरी वाटत राहिलं. मी रस्ता ओलांडून रिक्षा पकडली.

शमीमला सांगणं सगळ्यात अवघड होतं. तिच्या घरी, खाटेजवळ बसून सांगितलं. सांगता सांगता, का कोण जाणे, मी मामांची बाजूही सांगून बसले. त्यांची मुलगी, सात महिने, तिचं न जेवणं. शमीमनं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती माझ्याशी कधी बोलत नाही त्या तिच्या घरच्या भाषेत बोलली. "बेटी के वास्ते किए बोलते. मैं भी तो किसी की बेटी हूँ ना, बाई."

तक्रार करायची का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही ठरवा. मी ठरवलं नाही. ते न ठरवणं माझ्या खात्यावर आहे, मामांच्या नाही. एक गोष्ट मात्र केली. ती गाडी कुणी तरी घ्यायला तयार होता, दुरुस्त करून वापरीन म्हणाला. मी ती भंगारात दिली आणि समोर उभी राहून कापून घेतली. पत्रा कापताना जोडाची जागा उघडी पडली तेव्हा तिथल्या माणसानं दुसऱ्याला बोलावून ती दाखवली. म्हणाला, "काम बघ कसलं केलंय."

घोडक्यांनी नंतर दुकान पुन्हा सुरू केलं, असं ऐकलं. जुनी गाडी दाखवायला कुणी आणली तर म्हणे ते बघत नाहीत. दुसरीकडं दाखवा, म्हणून सांगतात. सुनीता सिल्लोडला परत गेली ती तिथंच आहे. सुखी आहे की नाही, मला माहीत नाही. असावी, असं वाटायला मला वेळ लागतो.

मी आता एसटीनं जाते. गेल्या महिन्यात सिल्लोडच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. शेजारची रिकामी होती. हर्सूलला गाडी थांबली आणि मामा चढले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पायात चपला. त्यांना मी प्रथमच चपला घातलेलं पाहत होते. दारातून आत आले, मला पाहिलं, आणि तिथंच थांबले. गाडीत तेवढी एकच जागा रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा की तिथं बाईंच्या शेजारी." त्यांनी मान हलवली आणि दांडा धरून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

पंचवीस किलोमीटर ते तसेच उभे होते. सावंगीनंतर ती चारी आली तेव्हा मी बाहेर बघितलं नाही, त्यांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्याच्या आत खांद्याची हाडं दिसत होती. आजारात गेलेलं मांस अंगावर परत आलंच नव्हतं. 'बसा मामा' एवढंच म्हणायचं होतं. दोनदा ओठापर्यंत आलं. मी म्हटलं नाही.

फुलंब्रीला निम्मी गाडी उतरली. मी उठले. दारापाशी जायला त्यांच्याजवळूनच जावं लागत होतं. ते अंग चोरून बाजूला झाले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "पायरी ढिली हाय बाई. जपून उतरा."

मी पाय टाकताना दाराचा दांडा घट्ट धरला. पायरी खरोखरच एका बाजूनं सुटलेली होती.

खाली उतरून मागं वळून पाहिलं. गाडीत आता आठ-दहा जागा रिकाम्या होत्या. ते अजून उभेच होते, दांडा धरून, पाठ माझ्या जागेकडे. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी सिल्लोडच्या दिशेनं निघून गेली.